नाव झाकलेला फोटो

गाझियाबाद, मंगळवार

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. डबेवालीने तिखट कमी केलंय. आईचा गुडघा कसा आहे?

घरून यशोधनने पाठवलेला तुमच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो मी माझी सहकारी कादंबरी हिला नाव झाकून, मी कामावर रोज तपासते त्या रुग्णांच्या फोटोंत मिसळायला सांगितला होता. मला तो ओळखू आला नाही. मी शेरा दिला: मधुमेहामुळे रक्तस्राव, उपचार तातडीने. कादंबरी म्हणाली, “यार रेवती, हा काकांचा होता.”

तुम्हाला पेपर स्वच्छ वाचता येतो, हे मान्य. पडदा बिघडू लागला तरी बरेच दिवस तसा वाचता येतो.

तुमचा आहे हे कळल्यावर मी फोटो पुन्हा तपासला. शेरा सौम्य करायला काही सापडलं नाही. शुक्रवारी यशोधनबरोबर डॉक्टरांकडे जा.

तुमची,
रेवती