नाल्याकाठचे वीस गुंठे

मी, तात्यासाहेब भगवानराव नवपुते, वय ७८, राहणार चिकलठाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नी द्वारकाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा इंद्रजीत याचे. ओसरीवरची तिची खाट कोणी हलवू नये. बँकेतली ठेव नात राजनंदिनी हिच्या शिक्षणासाठी.

२. तिफण, वखर आणि विळे सालगडी कृष्णाला द्यावेत. वीस वर्षे शेतात तोच राबला.

३. चुलतभाऊ नानासाहेब यांनी बांध कोरून घेतलेली दोन हात जमीन त्यांच्याकडेच राहू द्यावी. मी माफ केलेले नाही, फक्त भांडून दमलो आहे.

४. वाटणीत माझ्या नावावर आलेले नाल्याकाठचे वीस गुंठे. यांना लागून असलेल्या माळावर आणि तळ्याभोवती शहरासाठी निसर्गवन होणार आहे. गेल्या वर्षी आराखडा ठरवायला गावकऱ्यांची बैठक झाली. कोणाला बोलवायचे याची यादी महापालिकेच्या साहेबांनी माझ्याकडे मागितली. मी सातबारे समोर ठेवून नावे लिहिली. मेंढपाळ बानाबाई कोळेकर चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात माझ्या रानात मेंढ्या बसवतात. त्यांच्या लेंडीखतावर माझी ज्वारी पोसली. पण त्यांचा इथे सातबारा नाही, म्हणून त्यांचे नाव मला सुचलेसुद्धा नाही.

बैठकीला त्या आल्या, तर शिपायाने दारातच अडवले. आत मी खुर्चीवरून सांगितले, गावाचे एकमत आहे. तळ्याभोवती तारेचे कुंपण ठरले आणि मेंढ्यांची पाण्याची वाट बंद झाली.

बाहेर त्या म्हणाल्या, "तात्या, माळावर कंचं गवत कवा येतं, तळ्यात गाळ कुठं बसतो, समदं आमाला ठाव हाय. कुणी इचारलंच नाय. आता मेंढरांनी पाणी कुठं प्यायचं?"

"नजरचुकीनं झालं," मी म्हणालो.

"चाळीस वर्सं नजरंसमोरच हाय की मी."

मला लाज वाटली. अजून वाटते. मेंढ्यांची वाट खुली ठेवावी म्हणून मी तीन अर्ज केले. उत्तर आले की लगतच्या जमीनमालकांचीच हरकत ऐकली जाईल.

सबब हे वीस गुंठे मी बानाबाईंना देत आहे. कन्नड तालुक्यात त्यांच्या नावे शेत आहे, म्हणजे कायद्याने त्या शेतकरी आहेत आणि शेतजमीन घेऊ शकतात. वकिलांकडून खात्री केली आहे. आत्ताच बक्षीसपत्र करतो म्हटले, तर "जित्या माणसाची जमीन घेत नाय मी," म्हणाल्या. इंद्रजीत म्हणेल, प्लॉटिंगची जागा मेंढरांना दिली? व्हय, दिली.

मी असेपर्यंत सुनावणीला त्यांना सोबत नेईन. माझ्यानंतर नोटीस त्यांच्याच नावाने निघेल. सून तनुजा हिने त्यांच्याबरोबर जावे आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

बानाबाईंना साक्षीदार होता येत नाही, कारण जमीन त्यांना मिळणार आहे. म्हणून सह्या होईपर्यंत त्या ओसरीवर थांबल्या आहेत. या वेळी त्यांचे नाव मी माझ्या हाताने लिहिले आहे.

सही: तात्यासाहेब भगवानराव नवपुते

आमच्यासमक्ष सही केली:
१. धम्मपाल दाभाडे, निवृत्त शिक्षक
२. डॉ. सार्थक जाधव

छत्रपती संभाजीनगर, १४ ऑक्टोबर २०२५