सुहासचा नंबर

१४ ऑगस्ट, गुरुवार
सुहासला चौकीवर नेलं! काही केलंय म्हणून नाही — साहेब स्वतःच म्हणाले, "अजून केलं नाही, पण करू शकतो." कोण सांगतं? तर संगणक! जोडून सुट्ट्या आल्या की पवनेकाठचे बंगले कोण फोडणार, ते म्हणे त्याला आधीच कळतं. आमचा नवरा त्याच बंगल्यांची राखण करतो. घरात उंदीर निघाला तरी मलाच हाका मारतो! आता सुट्ट्या संपेपर्यंत दिवसभर चौकीत बसायचं.

१७ ऑगस्ट
चोरी झाली नाही. मला वाटलं, सुटलो. तर साहेब खूश — "बघा, याला बसवला आणि चोरी टळली." घ्या! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

२१ ऑगस्ट
कारण कळलं. चौकीतला गौरव हवालदार पवनानगरच्या बाजारात भेटला. हळूच म्हणाला, "वैनी, चोरी झाली की संगणकात ह्याच्याच फोनचा नंबर दिसतोय."

दिसणारच! खबर तोच देतो ना! आमच्या तिकोणा पेठेत पोलिसांना कुणी स्वतःच्या नंबरावरून फोन करत नाही. साक्षीला कोण जाणार, कोर्टाच्या चकरा कोण मारणार? मग "सुहास, तू लाव रं, तुला बोलाया येतंय." कुणाचा पंप गेला, कुठं कुलूप तुटलं — सगळे फोन ह्याचे. लय शहाणा!

गौरवला म्हटलं, साहेबांना सांगा की हे. "सांगितलं. ते म्हणत्यात, वरून नाव येतंय, हितं खोडता येत न्हाई." शिवाय चौकीत बसवलं की तेही संगणकात चढतं. म्हणजे पुढच्या खेपेला नाव आणखी वर. डोकं बधिर झालंय.

१ ऑक्टोबर, बुधवार
उद्या धम्मचक्र दिन, पुन्हा जोडून सुट्ट्या. देहूरोडच्या विहारात जायचं ठरलं होतं, पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. सकाळी सुहास उठला, डबा मागितला आणि आपणहून चौकीत जाऊन बसला. कुणी बोलवायलाही आलं नव्हतं! मला तेच सोसवलं नाही.

३ ऑक्टोबर
लोणावळ्याला वकिलाकडे गेले. "ताई, गुन्हाच दाखल नाही. मी जामीन कशाचा मागू?" बाहेर येऊन स्टँडवर रडले. लोक बघत होते. बघू देत.

बंगलेवाल्यांचा निरोप — दुसरा माणूस बघतोय.

५ ऑक्टोबर, रविवार
सुहास चौकीतच. भरदुपारी शेजारची हिरामावशी ओरडत आली. मोटरसायकलवरच्या दोघांनी कानातलं ओरबाडलं, कान फाटलाय, पदर रक्तानं भिजलेला. "यशोधरा, लाव गं फोन! आत्ता पवनानगरकडं गेल्यात, घावतील!"

माझं सिमही सुहासच्याच नावावर.

मी तिच्या कानावर हळद दाबली आणि म्हटलं, "रेंज न्हाई, मावशी."