दाजींच्या नावाचा पास

वाळूज, औरंगाबाद
२ फेब्रुवारी २००७

चि. पद्मास,
दादाचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालतो, कारण आठ वर्षांत तू कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. तुझ्या चांगुणावहिनीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र शाबूत आहे. सेनगावकडे यंदा तूर कशी आहे?

एक तारखेपासून मी कंपनीचा सुरक्षा अधिकारी झालो. एक्क्याण्णव साली काठी आणि शिट्टी घेऊन ज्या गेटवर उभा राहिलो, तिथेच आज माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. फुशारकी वाटली तर वाटू दे! सोळा वर्षांत वर्दीचं एक बटण उघडं ठेवलं नाही. मालकांच्या सख्ख्या मेहुण्याला सही केल्याशिवाय आत सोडलं नव्हतं, भर उन्हात अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं. आपल्या गल्लीत कुणाच्या नावापुढे 'अधिकारी' लागलंय, सांग बरं.

त्याहून मोठी बातमी दीक्षाची आहे. पोरगी पोलीस झाली. अठरा तारखेला अकोल्याला तिची ट्रेनिंग संपल्याची परेड आहे.

मागच्या महिन्यात ती दोन दिवस घरी आली होती. मी आपला जेवताना छाती फुगवून म्हणालो, "शेवटी रक्त कुणाचं!" तिनं ताट बाजूला सारलं. "बाबा, तीन किलोमीटर काय रक्तानं पळता येते?" आणि मग तिनं सांगितलं. ती हिंगोलीला कॉलेजात होती तेव्हा दाजी रोज सकाळी सेनगावहून जीप घेऊन मैदानावर यायचे, हातात घड्याळ धरून तिला पळवायचे आणि मगच स्टँडवर सवाऱ्या भरायला जायचे. दोन वर्षं! तू भाकरी बांधून पाठवायचीस, तेही कळलं.

"मला काहून सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

"त्यायनंच सांगितलं होतं, बापाला कळू देऊ नको, त्याला तकलीफ होईल."

पद्मा, ज्या माणसाला मी चोर म्हणून हाकललं, त्यानं माझं लेकरू घडवलं.

नव्याण्णव साली पाळी सुटताना गेटवर दाजींच्या जेवणाच्या डब्यात कंपनीच्या पितळेचे तुकडे सापडले. सगळ्या पाळीसमोर डबा मीच उघडला, रिपोर्टही मीच लिहिला. तू गेटवर येऊन म्हणालीस, "दादा, घरी आनून बोलायचं होतं. चारचौघांत काहून?" मी म्हणालो, ड्युटी म्हणजे ड्युटी. आजही तेच म्हणेन.

पण अर्धी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, तुलाही नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत मी दाजींची झडती एकदाही घेतली नव्हती. बाकी सगळ्यांचे डबे उघडायचो. दाजी आले की हात उचलायचाच नाही. घरी ज्यांच्या पाया पडायचं, त्यांच्या डब्यात हात कसा घालायचा? "चला दाजी" म्हणून सोडून द्यायचो. सगळी रांग बघायची. पुढे गार्ड लोक कुजबुजायला लागले, तेव्हा माझं इमान दाखवायला त्या दिवशी एकदम डबा मागितला. पहिल्याच दिवशी मागितला असता तर दाजी हसले असते, आणि पुढे कधी त्यांच्या मनात तसलं काही आलंच नसतं. चूक त्यांची होती. पण दोन वर्षं वाट मोकळी मी ठेवली होती, आणि शिक्षा त्यांनी एकट्यांनी भोगली. याची मला लाज वाटते. दाजींना हे वाचून दाखव. मी त्यांची माफी मागतो.

परेडचे घरटी तीनच पास मिळतात. एक चांगुणाच्या नावाचा आहे. दुसरा तुझ्या आणि तिसरा दाजींच्या नावाचा करून घेतलाय, ते दोन्ही सोबत जोडलेत. दीक्षा फोनवर रडली. म्हणाली, "बाबा, तुमी कशाला बाहेर थांबता? गेटवर माझं नाव सांगा, आपलं मानूस म्हनून सोडतीन."

मी म्हणालो, "आपलं माणूस म्हणून सोडायचं नसतं, बेटा. मी एकदा सोडलंय."

पोरगी सलामी देईल तेव्हा समोर दाजी असावेत, तो मान त्यांचाच आहे. वाशीमवरून या, रस्ता बरा आहे. चांगुणाला तुमच्याशेजारी बसवून घ्या. तिला गर्दीत घाबरायला होतं. मी गेटबाहेर थांबेन. बँड तिथवर ऐकू येतो, असं दीक्षा म्हणाली.

परेड सुटली की दाजींना म्हणावं, आधी बाहेर या. पोरगी कशी चालली, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

वाट बघणारा,
तुझा दादा
प्रेमानंद