आणखी काय वेगळं?

हॅस्किन्स साहेबांना,

क्वेसीच्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीत आमचे कागद चाळताना तुम्ही विचारलंत, "नवरा-बायको ना? मग टॅक्स वेगवेगळा कशाला भरता?" मी खरं तेच सांगितलं. एकत्र भरला तर क्वेसीचा पगार माझ्या पगारात धरतात आणि माझ्या कॉलेजच्या कर्जाचा, कमाईवर ठरणारा हप्ता दुप्पट होतो. तुम्हाला पटलं, मंजुरीही दिलीत. पण शिक्का मारता मारता हसून म्हणालात, "आणखी काय काय वेगळं आहे?"

ते माझ्या डोक्यातून जाईना. क्वेसी घानातल्या आईशी फोनवर बोलतो तो बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन. पूर्वी मला त्याचं काहीच वाटत नसे. माझ्या भावांची नावं, माझी औषधं, सगळं त्याने तुम्हाला धडाधड सांगितलं. तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटतं, एवढं पाठ कशाला केलं असेल?

गेल्या आठवड्यात त्याचं ग्रीन कार्ड टपालाने आलं. मी ते शिवणाच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलंय. कार्ड हातात पडल्यावरही तो राहतो का, हे बघायची माझी छाती होत नाही.

तो रोज कामावरून येताना टपालपेटी उघडून बघतो. "लोरेन, आजही काही नाही गं," म्हणतो, आणि मला ड्यूटीला निघायचं असतं म्हणून तसाच माझ्या गाडीवरचा बर्फ खरवडायला जातो.

"येईल रे," मी म्हणते.

तुम्ही खरी ठरवलेली बायको,
लोरेन