वीस नावांचा कौल

चि. विश्राम यास,
काकाचे आशीर्वाद.

तू साधा मंत्री होतास तेव्हा देवाला विचारायला सांगितलंस, मुख्यमंत्र्यांची साथ सोडू का? मी रवळनाथाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर सोड, डावी पडली तर सोडू नको. दुपारपर्यंत एकही पडेना. तुझा माणूस घाई करू लागला, "काकानू, माजी कुडाळची गाडी चुकात." मी घाबरलो आणि उजवी नखाने ढकलली.

परवा हॉटेलातल्या रेडिओवर तुझं नाव ऐकलं. काकी म्हणते, "पुतण्याक देवान मुख्यमंत्री केल्यान, आणि तुमचा तोंड असा कित्याक?" तिला काय सांगू?

आता तू वीस नावं पाठवलीस. त्यांतल्या कुणाला मंत्री करावं, यासाठी एकेकाचा कौल हवा म्हणतोस; उजवी पडली तर घ्यायचं. सकाळी गाभाऱ्यात गेलो, पण देवाकडे बघवेना. पाकळी हातातच राहिली.

तुझा माणूस अंगणात चहा पितोय. हे पत्र मी चुलीत घालणार आहे. यादी मात्र त्याच्या हाती देणार; तीत एक सोडून एका नावापुढे 'उजवी पडली' असं लिहिलंय. नावं मी वाचलीसुद्धा नाहीत.

तुझा काका,
सोनू गुरव