छातीवर टार्गेट

४ जानेवारी

आजपासून नियमित रोजनिशी. वर्षाचे पहिले तीन दिवस मानसिक तयारीत गेले.

नेमबाजी क्लबाचा सेक्रेटरी होऊन मला महिना झाला. निवड बिनविरोध. त्या मीटिंगला बाकी सगळे हजर होते आणि मी एकटाच गैरहजर. तरी माझंच नाव पुढे आलं. विश्वास म्हणतात तो हाच.

निरीक्षण: क्लबात एकोपा नाही. लोक येतात, कानात बोळे घालतात, गोळ्या झाडतात. मागच्या व्हरांड्यात चहाला बसले की जरा हसणं-खिदळणं ऐकू येतं. पण मी कप घेऊन गेलो की शांतता. दाताच्या डॉक्टरांना पेशंट आठवतो, केमिस्टबाईंना दुकान. हा पदाचा दरारा म्हणावा, तर मी साधा मेंबर होतो तेव्हाही असंच व्हायचं. तेव्हा दोष एकोप्याचाच.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही बसल्या बसल्या प्रत्येकाच्या नेमातल्या चुका सांगता, त्याचं काही असेल का? तिला संस्था चालवण्याचा अनुभव नाही.

संकल्प: १ फेब्रुवारीच्या सामन्यापर्यंत या लोकांनी मला हाक मारून शेजारी बसवलं पाहिजे. म्हणजे, एकमेकांना बसवलं पाहिजे.

६ जानेवारी, सकाळी

उपाय सापडला. मर्चंडाइज! भाच्याच्या फुटबॉल क्लबात सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट आहेत आणि फोटोत सगळ्यांचे हात एकमेकांच्या खांद्यावर. आधी शर्ट आले, मग हात. क्रम महत्त्वाचा.

सुरुवात टोप्यांपासून. छपाईवाल्याला फोन केला.

१२ जानेवारी

टोप्या आल्या. क्लबाचं नाव लांबलचक, त्यात मी स्थापनेचं वर्षही घातलं. सगळं मावायला टोपीची चोच लांब घ्यावी लागली. कोचबाईंनी एक डोक्यावर चढवून रायफल गालाला लावली. चोच रायफलीवर आपटून टोपी मागे पडली. म्हणाल्या, सेक्रेटरी, ही घातली की ऊन लागणार नाही. नेमही लागणार नाही.

डॉक्टरांनी मात्र आपणहून एक मागून घेतली. मला भरून आलं. संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या घरावरून चक्कर मारली. टोपी बागेतल्या बुजगावण्याच्या डोक्यावर होती.

क्लब घराघरांत पोहोचतोय.

१५ जानेवारी

टी-शर्टचं डिझाइन माझंच. छपाईवाला म्हणाला, खिशापाशी बारीकसा लोगो टाकू. त्याला सांगितलं, बारीकसारीक कामं आपण करत नाही. छातीच्या मधोमध काळं वर्तुळ, आत रिंगणं, आकडे, सगळं पिस्तुलाच्या टार्गेटच्या मापाबरहुकूम. तो म्हणाला, साहेब, अहो, छातीवर? मी म्हणालो, मग काय पाठीवर? त्याने ऑर्डर लिहून घेतली.

टार्गेटचे कागद आणायला ठेवलेली रक्कम तात्पुरती इकडे वळवली. शेवटी कागद आपण भोकं पाडायलाच आणतो. शर्ट टिकतात.

२० जानेवारी

शर्ट आले. परिणाम साधावा म्हणून ऐन सरावात एक अंगात घालून रेंजवर शिरलो. नेमबाजांच्या मागून सावकाश चालत गेलो. डॉक्टरांनी वळून पाहिलं. लगेच कोचबाई ओरडल्या, थांबा! सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, कानातले बोळे काढले. अख्खा क्लब माझ्याकडे बघतोय! इतकं लक्ष माझ्याकडे माझ्या लग्नातही नव्हतं.

नंतर कोचबाईंनी मला ऑफिसात नेलं. म्हणाल्या, इथे पहिल्या दिवशी काय शिकवतो आपण? बंदुकीचं तोंड माणसाकडे करायचं नाही. वर्षानुवर्षं घोटून घेतलंय, काळं वर्तुळ दिसलं की हात आपोआप वर येतो. आणि तुम्ही ते छातीवर घेऊन फिरताय? परत दिसलात तर सेक्रेटरी म्हणून ओळखणार नाही.

तर शर्टांना रेंजवर बंदी. हरकत नाही. रेंजबाहेरचं जग मोठं आहे.

२२ जानेवारी

बाहेरच्या जगात विक्री मंद. केमिस्टबाईंनी शर्ट हातात धरून विचारलं, भाऊ, हा घालून मी दुकानात उभी राहू? म्हटलं, अवश्य. म्हणाल्या, माझ्यावर एवढा का राग तुमचा?

बायकोने एक घेतला. झोपताना घालीन म्हणाली. निदान अंधारात कुणी बघणार नाही, हेही म्हणाली. पहिली मेंबर-बाह्य मागणी.

२५ जानेवारी

डॉक्टरांचा मेसेज आला. ‘सेक्रेटरी सहाला निघतात. सव्वासहाला या, चहा टाकतोय. आज भजी पण.’ पाठोपाठ दुसरा आला, ‘सॉरी, चुकून.’

म्हणजे एकोपा आहे. आधीपासूनच होता. रोज सव्वासहाला.

थोडा वेळ ऑफिसात शर्टांची खोकी नीट रचत बसलो. मग सहाला निघालो. उगीच लोकांचा खोळंबा कशाला.

बायकोला मेसेज दाखवला नाही. तिने विचारलं, जेवत का नाही? म्हटलं, पोट बिघडलंय.

३० जानेवारी

परवा सामना. राजीनामा लिहावा असं मनात आलं. दोन ओळी लिहिल्याही. मग वाटलं, या अवस्थेत क्लबाला वाऱ्यावर सोडणं बरं नाही. बायको म्हणाली, सुटतील बिचारे. तिचा विनोद कधीकधी कळत नाही.

१ फेब्रुवारी, सामना

सकाळी कोचबाईंनी कपाट उघडलं. टार्गेटचा कागद एकही नाही. कागद कुठे? मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सामना रद्द करा. केमिस्टबाई म्हणाल्या, सेक्रेटरीला रद्द करा.

कोचबाई उठल्या. खोक्यातून एक शर्ट काढला, छातीवर पट्टी धरून वर्तुळ मोजलं. दोनदा मोजलं. म्हणाल्या, माप तंतोतंत आहे हो. टांगा!

मग काय, सगळे धावले. कुणी दोऱ्या आणल्या, कुणी चिमटे. शर्ट फळ्यांवर ताणून बसवताना डॉक्टर आणि केमिस्टबाई बाह्या कुठे दुमडायच्या यावर भांडले, मग हसत सुटले. दुपारपर्यंत शर्टांची चाळण. लोक आपापला शर्ट घडी करून घरी नेत होते, घरच्यांना दाखवायला. एवढी मागणी! मी दारात उभा राहून हे सगळं बघत होतो.

शेवटच्या फेरीला एक शर्ट कमी पडला. सगळे माझ्याकडे वळले. आज मी कोटाच्या आत घातला होता, बटणं लावून. डॉक्टरांनी हाक मारली, सेक्रेटरीसाहेब, या ना इकडे, तुमची गरज आहे!

हाक मारली. मी गेलो. कोट काढला, शर्ट काढून दिला. तो फळीवर चढेपर्यंत माझा कोट कुणी बंदुका टेकवायला खाली घातला होता. थंडीत बनियनवर उभा राहिलो. मग केमिस्टबाईंनी आपला स्वेटर माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाल्या, बसा इथे. आणि कृपा करून कुणाचा नेम सुधारू नका.

बसलो. कुणालाही पेशंट आठवला नाही. भज्यांची बशी माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात चुराच होता. खाल्ला.

घरी आलो तर बायकोने विचारलं, हा कुणाचा? बटणं बायकी आहेत. म्हटलं, क्लबाचा. तिने बाही ओढून बघितली, मग म्हणाली, पोटावर बसत नाहीये. उद्या धुऊन परत दे.

२ फेब्रुवारी

स्वेटर परत दिला. सव्वासहाला व्हरांड्यात गेलो. सगळे होते. बसलो. डॉक्टरांचा खांदा उजवीकडे पडतो, एवढंच एक सांगितलं.

डॉक्टरांना पेशंट आठवला.