गेटपाससारखा फोटो

रविवार, संध्याकाळ. प्लांटची कॉलनी, सेक्टर १०.

या नव्या कॅमेऱ्याचं मले काहीच समजून नाही राहिलं. बाबांचा एक फोटो पांढराफट, दुसरा काळा. तीच जागा, तोच उजेड, मग कावून? वरून कॅमेरा दिसला की बाबा चष्मा काढून ताठ उभे राहतात, प्लांटच्या गेटपासवरच्या फोटोत आहेत तसेच. शेवटी "झाला का वं?" म्हणून हसले, तेव्हा बटण दबलं. तो फोटो धूसर आला. पण बाबा त्यातच आहेत. साफ आला तो ताठ उभा, गेटपासवालाच. कोणता ठेवू?

बाबा म्हणाले, "साफवाला ठेव, पुढच्या गेटपासले कामी येईल."

महिनाअखेर ते रिटायर होऊन राहिले. गेटपास त्याच दिवशी जमा करा लागते. हे मी त्यांना सांगू?

"हो, साफवालाच ठेवते," मी म्हटलं.